कडा करपा, सिकलसेल आणि डीएनए वाचणारी प्रथिनं

झाडीपट्टीचा_मास्तर (धागाकर्ता)

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जीन उपचार आला, ही बातमी सध्या आपल्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर फिरते आहे. बहुतेक ठिकाणी मजकूर एवढाच असतो, की कात्रीने डीएनए कापला आणि आजार गेला. मी गोंदिया जिल्ह्यात बी.एस्सी.च्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो आणि हे अर्धवट सांगणं मला फार खटकतं. डीएनए कापणारी एन्झाइम्स पन्नास वर्षांपासून हाताशी आहेत. अवघड आहे ते नेमकी जागा सापडणं. माणसाच्या जनुकसंचात तीनशे कोटींच्या वर अक्षरं आहेत: ए, टी, जी, सी. त्यातल्या एकाच ठिकाणी जाऊन बसेल आणि दुसरीकडे बसणार नाही असं प्रथिन घडवायचं कसं, हा खरा प्रश्न. त्याच्या उत्तराचा मोठा हिस्सा धानाच्या आणि मिरचीच्या रोगातून आला. धान आणि सिकलसेल दोन्ही ज्या मुलखात आहेत, तिथल्या माणसांना हे ठाऊक असायलाच हवं, म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात झिंक फिंगर. १९८५ साली केंब्रिजमध्ये एरन क्लूग यांच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या अंडपेशीतलं एक प्रथिन तपासताना दिसलं, की त्यात सुमारे तीस अमिनो आम्लांचा एकच नमुना पुन्हा पुन्हा येतो. दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात आणि त्याभोवती एक बोटासारखी घडी पडते. असं एक बोट डीएनएची साधारण तीन अक्षरं ओळखतं. मग सहा बोटं जोडली तर अठरा अक्षरं. १९९६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात श्रीनिवासन चंद्रसेगरन यांच्या गटाने या बोटांना फोक-वन नावाच्या एन्झाइमचा फक्त कापणारा भाग जोडला. ठरवलेल्या जागी कापणारं पहिलं कृत्रिम प्रथिन ते. अडचण अशी, की शेजारचं बोट बदललं की पहिल्याचं वाचन बदलतं, त्यामुळे प्रत्येक नव्या जागेसाठी पुन्हा सगळा खटाटोप.

आता बांधीत या. झॅन्थोमोनास ओरायझी हा कडा करप्याचा जिवाणू. तो धानाच्या पेशीत स्वतःची प्रथिनं सुईसारख्या नळीतून टोचतो. ती प्रथिनं थेट पेशीच्या केंद्रकात जातात, धानाच्या डीएनएवर ठराविक जागी बसतात आणि 'स्वीट' नावाच्या गटातलं जीन चालू करतात. ते जीन पेशीतली साखर बाहेर सोडतं. जिवाणूला जेवण मिळतं आणि आपलं पान कडेकडेने वाळत जातं.

या प्रथिनांना टेल म्हणतात. त्यांचा मधला भाग म्हणजे चौतीस अमिनो आम्लांचा तुकडा, एकामागे एक, पंधरा-वीस वेळा. सगळे तुकडे जवळजवळ हुबेहूब सारखे. फरक फक्त बाराव्या आणि तेराव्या जागेवर. २००९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी याचा उलगडा केला. जर्मनीतल्या हाले इथल्या गटाने मिरचीच्या जिवाणूवरून, अमेरिकेतल्या आयोवाच्या गटाने धानाच्या जिवाणूवरून. बाराव्या-तेराव्या जागेवर 'एचडी' असेल तर तो तुकडा सी वाचतो. 'एनजी' असेल तर टी, 'एनआय' असेल तर ए, 'एनएन' असेल तर बहुतेक वेळा जी. एक तुकडा, एक अक्षर. मांडवाच्या खांबाला कारल्याची वेल वळसे घेत चढते तसं हे प्रथिन डीएनएच्या खोबणीतून वळत जातं आणि वळता वळता अक्षरं तपासतं.

इतकं सरळ कोष्टक हाती आल्यावर वर्ष-दोन वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळा आपल्याला हव्या त्या जागेसाठी टेल लिहायला लागल्या. त्याला फोक-वनचा तुकडा जोडला की झालं टेलेन. २०१५ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात ल्युकेमियाने अगदी शेवटाला आलेल्या एका तान्ह्या मुलीला टेलेनने बदललेल्या दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी दिल्या आणि ती वाचली.

बातमीतली ती कात्री म्हणजे क्रिस्पर, तिच्याबद्दल पुढे बोलूच. तोवर प्रश्न विचारा.

धानवाला_सिंदेवाही

सर, कडा करपा आमाले नवा नाही. भाद्रपदात ढग लागून रायले आन् युरिया जास्त पडला का आलाच समजा. पानाचं टोक पिवळं होते, मंग कडेनं खाली उतरते, सकाळी पानावर पिवळे बारीक थेंब दिसते. आमचे कृषी सहायक पान कापून काचेच्या गिलासात पाण्यात उभं धरतात, त्यातून पांढरट धार निघाली का म्हणतात जिवाणूच आहे. पण हे प्रोटीन-बिटीन कोणी सांगितलं नव्हतं जी.

मले एक सांगा. काही वाणाले हा रोग येतच नाही. इम्प्रूव्हड सांबा मसुरी लावलं होतं आमच्याकडच्या काही लोकायनं, त्याच्यावर नाही आला. मंग त्याच्यात जिवाणू घुसत नाही का त्याचं प्रोटीन चालत नाही?

झाडीपट्टीचा_मास्तर

दादा, काय नेमका प्रश्न विचारलात! जिवाणू घुसतो. त्याचं प्रथिन चालत नाही.

ते वाण हैदराबादच्या सीसीएमबी आणि भात संशोधन संस्थेने मिळून केलं, २००८ मध्ये आलं. त्यात तीन प्रतिकारक जीन्स आहेत: एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५. पैकी एक्सए-२१ हा पेशीच्या बाहेरचा पहारेकरी, तो बाजूला ठेवू. एक्सए-१३ म्हणजे वेगळं काही नवं जीन नाही, तेच 'स्वीट' जीन आहे. फक्त त्याच्या समोरच्या भागातली अक्षरं बदललेली आहेत, त्यामुळे जिवाणूच्या टेलला बसायला जागाच सापडत नाही. साखर सुटत नाही. एक्सए-५ मध्ये धानाचं स्वतःचं एक प्रथिन किंचित बदललेलं आहे. टेल जागेवर बसलं तरी पुढचं काम करायला त्याला या प्रथिनाची मदत लागते, ती नीट मिळत नाही.

हे दोन्ही साध्या संकरातून आणलेत, निसर्गात होतेच. पण २०१२ मध्ये आयोवाच्याच शास्त्रज्ञांनी आणखी एक पाऊल टाकलं. जिवाणूच्या टेलवरून टेलेन बनवलं आणि त्याच टेलेनने धानातली टेल बसण्याची जागा मोडली. रोगाच्या हत्यारानेच रोगाची वाट बंद केली. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा प्रयोग आहे.

संत्रा_काटोल

आमच्या लिंबावरचा खैऱ्या याच कुळातला आहे का? पानावर, फळावर खरबरीत बुचासारखे फोड येतात तो.

झाडीपट्टीचा_मास्तर

हो. झॅन्थोमोनास सिट्री. त्याचं टेल झाडाचं वेगळं जीन चालू करतं, पेशी फुगतात आणि तो फोड येतो. कपाशीवर कोनाकोनाचे तेलकट ठिपके पडतात, तेही याच कुळाचं काम.

वैनगंगेकाठचा (सध्या पुण्यात पीएच.डी.)

मास्तर, मी ब्रह्मपुरीकडचा. मन लावून वाचलं. संशोधनातली बाजू थोडी जोडतो, कारण लोकांना वाटतं हे सगळं फक्त कापण्यासाठी आहे.

आमच्या प्रयोगशाळेत न कापणारी प्रथिनंच जास्त वापरतात. क्रिस्परमधलं कॅस-९ हेही डीएनएवर बसणारं प्रथिनच, फरक एवढाच की कुठे बसायचं हे त्याला सोबतची आरएनएची एक छोटी साखळी सांगते. त्यामुळे प्रत्येक वेळी प्रथिन नव्याने घडवावं लागत नाही, फक्त ती साखळी बदलायची. त्याची कापण्याची दोन्ही ठिकाणं निकामी केली की ते नुसतं जाऊन बसतं. २०१३ पासून हे मृत कॅस-९ सर्रास वापरात आहे. त्याला जीन दाबणारा तुकडा जोडा, जीन शांत होतं. चालू करणारा जोडा, बोलायला लागतं. चमकणारं प्रथिन जोडलं तर जिवंत पेशीत गुणसूत्राचा तो भाग कुठे हलतो हे सूक्ष्मदर्शकात दिसतं. एखाद्या आजारात कोणतं जीन खरंच कारणीभूत आहे हे तपासायला वीस हजार जीन्स एकेक करून दाबून पाहता येतात. औषध शोधण्याची पहिली पायरी हीच.

आणि झिंक फिंगर, टेल जुनी झाली म्हणून गेली नाहीत. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, त्यातल्या बिघाडाने लहान मुलांना फार वाईट आजार होतात. तिथे आरएनएची साखळी आत नेणं अवघड, म्हणून क्रिस्पर अडतं. २०२० मध्ये तिथली अक्षरं बदलण्याची जी पद्धत आली, तिच्यात जागा शोधायचं काम टेलच करतं. झिंक फिंगर आकाराने लहान आणि माणसाच्या शरीरातलाच साचा, त्यामुळे मेंदूतलं एखादं जीन दाबण्यासाठी विषाणूच्या छोट्या कवचात भरून न्यायला तेच सोयीचं.

अबोली_ग

मी विज्ञानाची नाही, बँकेत आहे. माझ्या लहान भावाचा एसएस पॅटर्न आहे, म्हणजे त्याला सिकलसेल आहे; आईवडील दोघंही एएस, म्हणजे वाहक. तो आता एकोणीसचा आहे. हिवाळ्यात पाय आणि पाठ धरते, तेव्हा रात्रभर ओरडतो. एका मोठ्या दवाखान्यात रात्री नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, एवढं काही दुखत नसतं, सवय लागली आहे इंजेक्शनची. तो तेव्हापासून दुखलं तरी लवकर सांगत नाही.

हे वाचून मला एकच विचारायचं आहे. यातलं त्याच्यापर्यंत काय येईल आणि कधी?

लॅबताई_देसाईगंज

अबोली ताई, भावाला सांगा की दुखणं लपवू नकोस. सिकलसेलचं क्रायसिसचं, म्हणजे अचानक उठणारं तीव्र दुखणं खरं असतं, तो त्याचा हक्क आहे की कोणी त्यावर उपचार करावा. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं यातलं काही असेल तर सकाळची वाट पाहू नका.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू आहे का? नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सिकलसेल विभागात विचारा. रक्ताच्या पेशी मोजत मोजत द्यावं लागतं, म्हणून मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही करू नका.

झाडीपट्टीचा_मास्तर

अबोली ताई, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो, आणि ते देण्यासाठी आधी आजाराचं मूळ सांगावं लागेल.

अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये एका ठिकाणी ए च्या जागी टी आहे. त्यामुळे प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखं होतं, पेशी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. दुखणं तिथून.

पण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाऐवजी गॅमा असतो. म्हणून एसएस बाळालाही पहिले काही महिने त्रास नसतो. जन्मानंतर गॅमा बंद पडतो. तो बंद करणारं प्रथिन बीसीएल-११-ए, २००८ मध्ये कळलं. आणि हे बीसीएल-११-ए स्वतः एक झिंक फिंगर प्रथिन आहे! आपल्या प्रत्येकाच्या अस्थिमज्जेत ते गॅमाच्या जीनसमोर सहा अक्षरांवर बसतं: टीजीएसीसीए. ही अक्षरं जन्मतःच बदललेली असलेली काही कुटुंबं जगात आहेत. त्यांच्यात बाळपणचं हिमोग्लोबिन आयुष्यभर राहतं आणि त्यांना काही होत नाही. हायड्रॉक्सीयुरियाही हेच बाळाचं हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणून लॅबताईंचा सल्ला आजच्या घडीचा सर्वांत मोलाचा.

कॅसजेव्ही नावाचा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. त्यात बीटा ग्लोबिनमधली चूक दुरुस्त करत नाहीत. रक्तपेशींमध्ये बीसीएल-११-ए चालू ठेवणारी जी जागा आहे, ती कॅस-९ ने मोडतात. गॅमा परत सुरू होतो. अमेरिकेतल्या मंजुरीच्या वेळी पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही तीव्र क्रायसिस आला नाही. झिंक फिंगर वापरूनही याच जागेवर रुग्णांमध्ये चाचण्या झाल्या आहेत.

आता कठीण बाजू. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देतात. त्याआधी जुनी मज्जा बुसल्फान या केमोने संपवावी लागते. त्यात वंध्यत्वाचा धोका आहे, आठवडेच्या आठवडे दवाखान्यात काढावे लागतात. मंजुरीच्या वेळी अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने अठरा कोटी रुपयांच्या वर. तो उपचार त्या रूपात आपल्या गावात येणार नाही.

जंगलवाट

मास्तर, राग मानू नका. आमच्या कोरची-धानोऱ्याकडे रक्ताची पिशवी आणायला पूर्ण दिवस जातो. उपकेंद्रात गोळ्या संपलेल्या असतात. अठरा कोटींच्या गोष्टी सांगून लोकांच्या मनात आशा लावायची आणि हातात काही नाही, हे बरोबर वाटत नाही. हा सगळा जोर हायड्रॉक्सीयुरिया, फोलिक अ‍ॅसिड आणि लग्नाआधीच्या तपासणीवर लावला पाहिजे.

झाडीपट्टीचा_मास्तर

राग कशाचा. गोळ्या, रक्त, तपासणी याला पर्याय नाही, आणि त्यासाठी तुम्ही आवाज उठवाल तिथे मी सोबत आहे. पण एक सांगतो. ज्या लोकांना हा आजार आहे त्यांनाच तो उपचार कसा चालतो हे माहीत नसेल, तर उद्या चाचणीसाठी कोणी सही मागायला आलं की आपली माणसं काय विचारणार? बुसल्फानबद्दल विचारतील का? बदललेल्या पेशीत दुसरीकडे कुठे कापलं गेलं का, हे विचारतील का? हे प्रश्न आपल्या तोंडी असायला हवेत. माझा सगळा आग्रह त्यासाठी आहे.

वैनगंगेकाठचा

जंगलवाट दादा, दोन गोष्टी आपल्याच देशातल्या आहेत म्हणून सांगतो.

दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेत फ्रॅन्सिसेला नावाच्या जिवाणूचं कॅस-९ वापरतात. त्याची खासियत अशी, की एका अक्षराचा फरक असला तरी ते नीट चिकटत नाही. त्यांनी त्यावरून कागदी पट्टीची चाचणी बनवली. २०२० मध्ये ती कोविडसाठी मंजूर झाली म्हणून गाजली, पण त्याच कामात त्यांनी सिकलसेलचा एका अक्षराचा बदलही ओळखून दाखवला होता. म्हणजे डीएनएवर बसणारं प्रथिन फक्त अठरा कोटींच्या उपचारासाठीच असतं असं नाही, ते तपासणीतही कामाला येतं, आणि तुम्ही तपासणीवरच जोर द्या म्हणता.

दुसरं, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच संस्थेने बिरसा-१०१ नावाचा सिकलसेलचा देशी जीन उपचार जाहीर केला, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे. नाव बिरसा मुंडांवरून. भाव खाली आणणं हा त्यांचा उघड हेतू आहे.

लॅबताई_देसाईगंज

पट्टीची चाचणी आली तर आमचं काम फार सोपं होईल. आता आम्ही सोल्युबिलिटी करतो. नळीतलं द्रावण गढूळ झालं, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या नाहीत, की पॉझिटिव्ह. पण त्यावरून एएस की एसएस हे कळत नाही, त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांना पाठवावा लागतो. तोवर कित्येक जण निकाल न घेताच कामाला परगावी निघून जातात. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं सोल्युबिलिटीवर खरं कळतच नाही, कारण मास्तरांनी सांगितलं तेच, बाळाचं हिमोग्लोबिन. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं, चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. तपासणी वाढली, पण निकाल माणसाच्या हातात पडेपर्यंतचा रस्ता अजून लांब आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएस होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं.

अबोली_ग

सर, ताई, आभार. भावाला हा धागा दाखवला. त्याने बीसीएल-११-ए पर्यंत दोनदा वाचलं. हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे, पण मध्ये सोडलं होतं त्याने, दवाखान्यात जायचं टाळायला. सोमवारी मी सुट्टी टाकून सोबत जाते आहे.

तृतीयवर्ष_बीएस्सी

सर, मी तुमचाच विद्यार्थी. कोष्टक घेऊन टीजीएसीसीए साठी टेल लिहून पाहिलं: एनजी, एनएन, एनआय, एचडी, एचडी, एनआय. बरोबर आहे का? आणि असं टेल नुसतं तिथे बसवलं, काहीही न कापता, तर बीसीएल-११-ए ला जागाच मिळणार नाही. मग गॅमा चालू राहील ना?

झाडीपट्टीचा_मास्तर

कोष्टक बरोबर लावलंस. टेलला पहिल्या तुकड्याच्या आधी बहुधा एक टी लागतो. तोही तिथे आहे, कारण खरा क्रम टीटीजीएसीसीएएटीएजी असा आहे. पण सहा तुकडे पुरणार नाहीत. चारचा सहावा घात ४०९६. तीनशे कोटी अक्षरांत असा सहा अक्षरांचा क्रम लाखो ठिकाणी सापडेल. चारचा सोळावा घात चारशे कोटींच्या वर जातो, म्हणून निदान सोळा-सतरा अक्षरं तरी वाचायला हवीत. पुढची अक्षरं घेऊन वाढव.

वैनगंगेकाठचा

कल्पना फार चांगली आहे, पण क्रम पुन्हा बघ. टीजीएसीसीए नंतर एटी येतं, म्हणजे त्यातच सीसीएएटी लपलेलं आहे. तिथे एनएफ-वाय नावाचं प्रथिन बसतं आणि तेच गॅमा चालू करतं. बीसीएल-११-ए बसलं की त्याला बसता येत नाही, भांडण तिथेच आहे. तुझं टेल बसलं तर दोघांचीही जागा जाईल. शिवाय नुसतं बसणारं प्रथिन पेशीने बनवणं थांबवलं की परिणामही थांबतो, मूळ पेशी मात्र आयुष्यभर विभागत राहतात. म्हणून या जागेवर काम करणारे गट एखादंच अक्षर असं बदलायचा प्रयत्न करतात, की बीसीएल-११-ए ला ते वाचता येऊ नये आणि एनएफ-वायला यावं. ग्रीसमधल्या काही कुटुंबांत नेमका असा बदल निसर्गतः आहे: टीजीएसीसीए मधल्या जी चा ए.

आता तू कागदावर शोध, त्या सहांपैकी कोणतं अक्षर बदललं तर सीसीएएटीला धक्का लागत नाही. तीनच आहेत. मग त्या जागेसाठी टेल लिही आणि इथे टाक, मी तपासून देतो.